हाळी घातलेली जागा

शिवानीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. जानेवारीत लग्न उरकलं आणि पावण्यांसाठी आणलेल्या गाद्या मंडपवाल्यानं परत न्यायच्या आत तिच्या बापानं, धैर्यशीलनं, आपल्या म्हाताऱ्या बापाला, कृष्णातला, आफ्रिकेला न्यायचं ठरवून टाकलं.

धैर्यशीलचं राजारामपुरीत सहलींचं ऑफिस आहे. दाराच्या काचेवर सिंह आणि जिराफ चिकटवलेत. दरवर्षी तो कोल्हापूर-गडहिंग्लजकडची व्यापारी मंडळी गोळा करतो, टांझानियाला नेतो, जनावरं दाखवतो आणि परत आणतो. यंदा त्याच्या मनात आलं, बापानं जन्मभर जनावरं राखली, त्यालाही एकदा न्यावं. त्यानं विचारलं नाही. तिकीट काढून सांगितलं.

"आबा, ज्वालामुखीचा खड्डा हाय. आख्खा डोंगर आत बसलाय. त्यात सिंह, हत्ती, गेंडं, समदं मोकळं फिरतंय. जगात असलं दुसरं न्हाय."

"आन माणसं?" कृष्णातनं विचारलं.

"माणसांचं काय काम तितं?"

कृष्णात उठून दारात गेला, तोंडातलं पान थुंकून आला. तो रागावला की गप्प व्हायचा. अलीकडं तो बराच गप्प असे.

त्याचा जन्म शाहूवाडीच्या डोंगरावर, एका धनगरवाड्यातला. काळ्या कातळाचं पठार, कडेनं कारवीची झुडपं, बोटांवर मोजावीत इतकी घरं आणि घरागणिक म्हशी. धैर्यशील दहावीला होता त्या वर्षी तो डोंगर अभयारण्यात गेला. वाघ यायचा होता, म्हणून माणसं निघाली. खाली उसाच्या मुलखात पत्र्याच्या वसाहतीत त्यांना आणून सोडलं. तिथं म्हशींना चरायला वीतभर गवत नव्हतं. काही म्हशी विकल्या, काही डोंगरावरच राहिल्या. वाघ काही आला नाही.

त्या वाड्यावर हाळीचा रिवाज होता. दिवसभर म्हशी रानात पांगायच्या. दिवस कलला की घरातली थोरली बाई पठाराच्या कडेला, आपल्या घराच्या ठरलेल्या कातळावर उभी राहायची आणि हाळी घालायची. प्रत्येक घराची हाळी निराळी. म्हैस आपल्याच घराच्या हाळीला मान वळवायची. आणि एक गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. हाळी घातली की शेवटचं जनावर पुढ्यात येईपर्यंत ती जागा सोडायची नाही. पाऊस येवो, साप निघो, पाय उचलायचा नाही. बोलावलेलं जनावर आलं आणि जागेवर कुणी नसलं, तर ते घरी जात नाही. ज्यानं बोलावलं त्याला शोधत निघतं. पुढं काय होतं ते कुणी सांगत नसे, कारण जागा कुणी सोडलीच नव्हती.

आक्काला सोडायला लागली. आक्का म्हणजे कृष्णातची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि घराची हाळी तिच्याकडं आली. वाडा उठवायला गाड्या आल्या त्या दिवशी दिवस कलल्यावर ती सवयीनं कातळावर जाऊन उभी राहिली होती. तिनं हाळी घातली. खालच्या रानातनं म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वर येताना ऐकू येत होत्या. ट्रकवाल्याला उशीर होत होता. बरोबर आलेल्या लोकांनी तिचं बखोट धरलं आणि तिला ट्रकात चढवलं. त्यानंतर आक्कानं आवाज कधी चढवला नाही. तिनं मागणं मात्र एकच धरलं. मरायच्या आत त्या कातळावर एकदा जायचं.

"माझी हाळी अर्धी हाय," ती म्हणायची. दुसरं काही म्हणायची नाही.

आता दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. डोंगराच्या नाक्यावर वनखात्याचे लोक सांगत, आत जायचं तर पायी जावा, गाडी चालणार नाही, खाट उचलून चार माणसं नेणार असाल तर तेही चालणार नाही. धैर्यशील एकदा जाऊन बोलून आला. नियम आहे म्हणाला. आक्काला डोंगरावर न्यायला ज्याच्याकडं रस्ता नव्हता, तो बापाला समुद्रापार न्यायला निघाला, हे कृष्णातच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

निघताना त्यानं शेजारच्या पारूबाईला आक्काकडं बघायला सांगितलं. आक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"जा," ती म्हणाली. "त्यांनी तरी आपल्या माणसांस्नी ऱ्हाऊ दिलंय का, बघून ये."

*

न्गोरोंगोरोच्या, म्हणजे त्या ज्वालामुखीच्या खड्ड्याच्या, कडेवर सकाळी इतकं दाट धुकं होतं की जीपच्या काचेपुढं काही दिसेना. झाडांवरून शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या. थंडी शाहूवाडीच्या पौषातली. कृष्णातनं घोंगडं पांघरलं होतं. विमानतळावर धैर्यशीलला त्या घोंगड्याची लाज वाटली होती.

जीपमध्ये सहलीला आलेला बसवेश आणि त्याची बायको सुष्मिता होती. बसवेशचं गडहिंग्लजला भांड्यांचं मोठं दुकान. गळ्यात कॅमेरा, तोंडात अखंड बोलणं. गाडी चालवणारा इमॅन्युएल तिथलाच. तो इंग्रजीत सांगायचा आणि धैर्यशील मराठीत.

कडेवर लाल चादरी पांघरलेली माणसं गुरं हाकत चालली होती. गुरांच्या गळ्यात घंटा होत्या, कानांना खुणेच्या चिरा. कृष्णातनं गाडी थांबवायला लावली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं कृष्णातच्या घोंगड्याकडं बघितलं, कृष्णातनं त्याच्या चादरीकडं. दोघंही हसले नाहीत.

"ही माणसं गुरं खाली खड्ड्यात न्हाय नेत?" कृष्णातनं विचारलं.

धैर्यशीलनं इमॅन्युएलला विचारलं. "आधी खालीच राहात होती म्हणतोय. त्यांच्या आजोबांच्या येळेला त्यांस्नी वर आणलं. आता खाली ऱ्हाता येत न्हाय."

कृष्णात मोठ्यानं हसला. धैर्यशीलनं खिडकीची काच वर केली.

रस्ता खाली उतरू लागला. लाल माती, कडेला काळा दगड. दगडाला बारीक भोकं, जशी वाड्यावरच्या कातळाला होती. उतरता उतरता धुकं वर राहिलं आणि खाली सगळा खड्डा उघडा पडला. चारी बाजूंनी डोंगराची भिंत आणि मध्ये सपाट गवताचं मैदान. एका अंगाला खाऱ्या पाण्याचा पांढरा तलाव, त्याच्या काठाला गुलाबी पक्ष्यांची किनार.

"अज्जा, आपला सह्याद्रीबी असाच आगीतनं झालाय," बसवेश म्हणाला. "दगड एकच."

"मग हितवर कशाला आलासा?"

सुष्मिता हसली. बसवेशनं कॅमेरा डोळ्याला लावला.

दिवसभर त्यांनी जनावरं बघितली. झेब्रे, रानबैलांचे कळप, सावलीत पडलेले सिंह. प्रत्येक ठिकाणी सात-आठ जीपा उभ्या आणि उघड्या छपरातनं माणसं अर्धी बाहेर आलेली. कृष्णात बसून होता. त्याला जनावरांचा राग नव्हता. त्याला राग होता तो त्या छपरांतनं निघालेल्या डोक्यांचा. त्याच्या पठारावरही उद्या अशाच जीपा जातील, आणि कुणी तरी पावण्यांना सांगेल की इथं माणसांचं काही काम नाही.

दुपार उलटल्यावर एका काळ्या खडकांच्या रांगेपाशी इमॅन्युएलनं गाडी थांबवली. दुसरी जीप जवळपास नव्हती. खडकाजवळ एक रानरेडा बसला होता. म्हातारा, कळपातनं निघालेला, अंगावर वाळलेला चिखल. त्याची शिंगं कपाळावर मधोमध भांग पाडल्यासारखी दोन बाजूंना गेली होती.

कृष्णात पहिल्यांदा उठून उभा राहिला.

खडकांची रांग त्यानं ओळखली. असं व्हायला नको, हे त्याला कळत होतं. पण कडेचा सपाट कातळ, त्याच्या डावीकडं बसकट दगड, मग चिरलेला मोठा दगड, त्याच्या फटीत गवत. याच क्रमानं ते दगड त्यानं लहानपणी हजारदा ओलांडले होते. वाऱ्याला कारवीच्या धुराचा वास आला.

"हितं कुणी चूल पेटवलीया का?"

"आबा, हितं कोण चूल पेटवणार?"

"वास येतोय."

सुष्मितानं नाक वर केलं. "येतोय की हो," ती हळूच म्हणाली. बसवेश तिच्याकडं बघत राहिला.

रेड्यानं मान वळवली. त्याच्या डाव्या कानाला दोन चिरा होत्या, शेजारी शेजारी, सरळ. कृष्णातच्या घरची खूण तीच होती.

"त्याला विचार, कान कुणी कापला."

इमॅन्युएल म्हणाला, सिंहानं फाडला असेल.

"सिंह सुरी घिऊन येतोय व्हय?"

"तुमचं जनावर हाय म्हणा की अज्जा," बसवेश म्हणाला. "घाला हाळी. बघू या येतंय का. मी व्हिडिओ काढतो."

बसवेशनं ते थट्टेत म्हटलं. कृष्णातनं मात्र धैर्यशीलकडं बघितलं. पोराच्या तोंडावर पावण्यांपुढचं हसू होतं, आणि बाप पावण्यांची करमणूक करील अशी थोडी आशाही. त्या हसण्यानं कृष्णातचं डोकं फिरलं. त्यानं घोंगडं खांद्यावरनं खाली टाकलं, छपरातनं अर्धा बाहेर झाला आणि आक्काची हाळी घातली.

पुरुषानं ती कधी घालायची नसते. त्यालाही ती येते हे त्याला ठाऊक नव्हतं. लांब चढत जाणारा आवाज, शेवटी दोनदा तुटणारा. तो समोरच्या डोंगराच्या भिंतीला लागला आणि परत आला नाही.

पक्षी गप्प झाले. तलावाकडचा गुलाबी पट्टा हलायचा थांबला.

रेडा उठला.

तो धावून आला नाही. इमॅन्युएलनं चावीवर हात ठेवला होता, पण रेड्याच्या चालण्यात राग नव्हता. मान खाली, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला अंग टाकत, पोट भरलेलं जनावर घराकडं येतं तसा तो येत होता.

बसवेशनं कॅमेरा खाली घेतला.

"चला म्हणतोय हा," धैर्यशील म्हणाला. "सहाला गेट बंद व्हतंय. वर चढायला येळ लागंल."

"थांब."

"आबा, थांबून चालत न्हाय हितं."

"हाळी घातलीया. ते पुढ्यात येईपर्यंत जागा सोडता येत न्हाय. तुला ठाव हाय."

"ते वाड्यावरचं झालं. हितं नियम हाय."

"नियम," कृष्णात म्हणाला. "तितंबी नियम, हितंबी नियम. पाय ठेवायची जागा कुटं हाय मग?"

इमॅन्युएल धैर्यशीलला इंग्रजीत भराभर काही तरी बोलला. त्याचा आवाज बदलला होता.

"काय म्हणतोय?"

"कुणी बाई वरडतीया का, इचारतोय."

लांबून, तलावापलीकडनं, आवाज येत होता. चढत जाणारा, शेवटी दोनदा तुटणारा.

सुष्मितानं कानांवर हात ठेवले.

इमॅन्युएलनं गाडी सुरू केली.

कृष्णात दारावर लाथा घालू लागला. धैर्यशीलनं त्याला मागनं कवळा घातला आणि खाली बसवलं. ज्या जोरानं पोरानं धरलं होतं, तो जोर कृष्णातनं एकदा पाहिला होता, एका ट्रकाच्या फळीपाशी.

मागच्या काचेतनं रेडा दिसत होता. गाडी उभी होती त्या जागी तो येऊन थांबला. त्यानं जमीन हुंगली. मग तो गाडीच्या चाकांच्या वाटेनं चालू लागला.

चढावर बसवेशनं दुर्बिणीतनं खाली बघितलं. रस्त्यावर काळा ठिपका होता.

पुढच्या वळणावर तो ठिपका बराच वर आलेला होता.

त्याच्या पुढच्या वळणावर रस्ता मोकळा होता. बसवेशनं दुर्बीण सुष्मिताकडं दिली आणि गडहिंग्लजला पोचेपर्यंत पुन्हा मागितली नाही.

*

सकाळी लॉजच्या अंगणात कृष्णात तयार होऊन उभा होता. त्याला खाली नेऊन सोडा, तो तिथं उभा राहील, मग बाकीच्यांनी कुठंही जावं, असं तो म्हणत होता. धैर्यशील खोलीतनं फोन घेऊन बाहेर आला आणि त्यानं फोनचा आवाज मोठा करून तो बापाच्या हातात दिला. पलीकडं पारूबाई होती. ती रडत नव्हती. घाबरलेली होती.

तिनं सांगितलं ते असं. काल दिवेलागणीला ती आक्काकडं पेज घेऊन गेली तर दाराला आतून कडी. दोन वर्षं जी बाई उठून बसली नव्हती तिनं कडी कशी लावली, हे कुणाला कळेना. आत आक्का हाळी घालत होती. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून वसाहतीतली म्हातारी माणसं रस्त्यावर आली. पारूबाईनं दार वाजवलं.

"म्या म्हनलं, आक्का, दार उघडा. तर म्हणत्यात, किस्नानं जागा सोडली. आता मला उठाया पायजे."

"किती वाजलं हुतं?" कृष्णातनं विचारलं.

"टीव्हीवर सातच्या बातम्या लागल्या हुत्या."

धैर्यशीलनं मनाशी हिशेब केला. खड्ड्यात तेव्हा साडेचार झाले होते. गाडी त्या खडकांपासून हलली ती हीच वेळ.

दार का मोडलं नाही, असं कृष्णातनं विचारलं. पारूबाई म्हणाली, घराभोवती काही तरी मोठं फिरत होतं. दिसत नव्हतं, पण अंगाचा वास येत होता आणि पत्र्याला घासल्याचा आवाज येत होता. पहाटे हाळी थांबली तेव्हा गड्यांनी दार मोडलं. अंथरूण मोकळं होतं. खिडकीला गज आहेत.

"डोंगरावरनं आत्ताच फोन आलाय, भावजी," ती म्हणाली. "त्या कातळावर गावल्या म्हणत्यात."

*

मुंबईपर्यंत विमानात आणि तिथनं कोल्हापूरपर्यंत गाडीत धैर्यशील बापाशी बोलायला बघत होता. "मला काय म्हाईत हुतं, आबा," एवढंच वाक्य तो फिरवून फिरवून म्हणत होता. कृष्णातनं त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर पोराला बरं वाटलं असतं.

आक्काला वसाहतीत आणून ठेवलं होतं. तिला घेऊन आलेला वनखात्याचा पहारेकरी जयसिंग त्या दिवशी मुद्दाम थांबला होता. वरनं त्याच्यावर ठपका येणार होता. नाका बंद, कुंपण शाबूत, आणि म्हातारी आत कशी गेली, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. त्याला वाटलं, घरच्यांपाशी असेल.

"तुमी कुणी आणून सोडलं असंल तर सांगा, पावणं," तो म्हणाला. "मी तुमचं नाव घेत न्हाय. पर माझी नोकरी जाईल."

"तिला खाली कशातनं आणलंसा?" कृष्णातनं विचारलं.

"गाडीतनं. जीप नेली वरपातूर."

"जित्तेपणी गाडी जात नव्हती. मेल्यावर गेली."

जयसिंग वाईट माणूस नव्हता. त्याचंही गाव त्याच डोंगराखालचं होतं.

"कशी गावली ती?"

"उभी हुती म्हणा ना. म्हणजे त्या चिरलेल्या दगडाला टेकून. मला लांबनं वाटलं जित्ती हाय. आन बाजूला एक गवा. हाकलला तरी हालंना. फटाके लावलं तवा उतरला खालच्या अंगाला." त्यानं मान खाजवली. "गवाच असणार, दुसरं काय हाय तितं. पर शिंगं निराळी हुती. कपाळावर भांग पाडल्यावानी. रोग झाला असंल."

धैर्यशील दारात उभा होता. त्यानं चौकट धरली.

"एकलाच हुता?" कृष्णातनं विचारलं.

"दिसाया एकलाच दिसला. पर खालच्या रानात घंटा वाजत हुत्या. बऱ्याच. आता त्या रानात कुणाची गुरं येणार, तुमीच सांगा."

कृष्णात आत गेला आणि आक्काच्या उशाशी बसला. इतकी वर्षं तिच्या तोंडावर बसलेली आठी गेलेली होती. त्याच्या मात्र पोटात तो जुना राग तसाच होता. आता तो कुणावर काढायचा, हे त्याला कळत नव्हतं. आक्काची हाळी पुरी झाली होती. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नव्हती. फक्त तिला मरावं लागलं होतं.

तिला डोंगरावर पुरू द्या म्हणून तो त्या दिवशी वनखात्याच्या लोकांशी शेवटचं बोलला. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. ओढ्याकाठी वसाहतीच्या जागेत तिची माती झाली.

माती देऊन माणसं परतली तेव्हा शुक्रवारी आक्काला तपासून गेलेले तालुक्याचे डॉक्टर कागद घेऊन आले. पारूबाईनं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की साहेब, शुक्रवारी पहाटेपर्यंत आम्ही सगळ्यांनी दारात उभं राहून तिचा आवाज ऐकलाय, ती माझ्याशी बोललीय. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. अंगाच्या ताठरपणावरून वेळ सांगता येते, असं ते म्हणाले, आणि त्यांनी मरणाची लिहिलेली वेळ बदलली नाही.

आक्का वारली गुरुवारी, आठ फेब्रुवारी दोन हजार चोवीसला, दिवेलागणीच्या आधी.